साळवे मॅडम कशाकशाला भ्यायच्या

साळवे मॅडम लिफ्टला भ्यायच्या. कुत्र्यांना भ्यायच्या, टपालानं आलेल्या जाड पाकिटाला भ्यायच्या, स्टाफरूमचं दार वाऱ्यानं आपटलं तरी दचकायच्या. रिक्षात बसल्या की समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरायच्या आणि क्रांती चौकाचा सिग्नल ओलांडेपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. मी त्यांच्या इंग्रजी विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू स्कूटी चालवतेस ना, मनीषा? हेल्मेट घालतेस ते दिसतं, पण खालचा पट्टा लावतेस का?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

आणि याच बाई एम.ए.च्या मुलांना आफ्रिकन कादंबरी शिकवायच्या.

तो पेपर विभागात कुणालाच नको असायचा. माणसांची नावं जिभेवर बसत नाहीत, तयार नोट्स मिळत नाहीत, परीक्षेला मुलं रडकुंडीला येतात. मॅडमनी तो मागून घेतला होता. त्यांनी निवडलेल्या कादंबऱ्याही अशा, की पहिल्या पन्नास पानांत कुणीतरी कुणाचं तरी वाईट भाकीत करून ठेवतं आणि उरलेली तीनशे पानं आपण जीव मुठीत धरून ते खरं व्हायची वाट बघतो. इतक्या भित्र्या बाईनं हे का वाचावं, मला कळेना. एकदा डबा खाताना विचारलंच, "मॅडम, हे वाचून झोप येते का तुम्हाला?"

"नाही येत," त्या म्हणाल्या. "पण दुसरं काही वाचलं की खोटं वाटतं."

त्यांचा तास ऐकायला मी मागं जाऊन बसायची. एक कादंबरी त्या दर वर्षी शिकवायच्या. समुद्रकाठच्या एका कोळ्याला म्हातारी बाई सांगते, मीठ तुझं घर खाईल. तो घाबरून समुद्र सोडतो, बायकापोरांना घेऊन आत वाळवंटाच्या बाजूला जातो, घरात मीठ येऊ देत नाही. पोरं मोठी होतात. त्या भागात पोटाला एकच काम मिळतं, मिठाच्या खाणीतलं. दोन्ही पोरं तिथं गाडली जातात. मॅडम हे सांगताना पुस्तक छातीशी धरायच्या. शेवटची पाच पानं त्यांनी वर्गात कधीच वाचली नाहीत. "आज एवढंच. पुढचं तुम्ही घरी वाचा, मला वाचवत नाही," असं म्हणून खुर्चीवर बसायच्या. पोरं आधी हसायची. मग एक दिवस त्यांच्या लक्षात यायचं की बाईंचे हात खरंच थरथरतायत, आणि वर्ग गप्प व्हायचा.

"आपल्याला शाळेत काय शिकवलं?" त्या विचारायच्या. "रूपक म्हणजे भाषेचा दागिना. इथं तसं नाही बघा. त्या म्हातारीनं ‘पोरांना खाणीत पाठवू नको’ असं सरळ सांगितलं असतं तर बापानं पाठवलं असतं का? तिनं रूपकात सांगितलं. मीठ घर खाईल. आता मीठ कुठं नाही? समुद्रात आहे, ताटात आहे, घामात आहे. मग माणूस सगळ्यालाच भ्यायला लागतो. आणि भीत भीत नेमका तिथं जाऊन पोचतो."

एका वर्षी त्या वर्गात आफ्रिकेतून आलेला एक विद्यार्थी होता, इब्राहिम. उंच, शांत, कपड्यांची इस्त्री कडक. मॅडमना त्याच्याविषयी फार कुतूहल. दोन महिने धीर गोळा करून त्यांनी एकदा त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि विचारलं, तुमच्याकडे खरंच असं मानतात का रे, भाकीत वगैरे?

तो म्हणाला, "मॅडम, माझे वडील बँकेत आहेत. आई गणित शिकवते. आम्ही फक्त कादंबरीतच घाबरतो." मग जरा थांबून त्यानं अदबीनं विचारलं, "तुमच्याकडे मानतात का?"

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी समोरची हजेरीवही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तो गेल्यावर त्यांनी वही बाजूला सारली. मग म्हणाल्या, "अगं मनीषा, दार लाव जरा. तुला एक सांगते. कुणाला सांगितलेलं नाही."

मॅडमचं माहेर पिशोरचं. वडील कन्नडच्या एसटी डेपोत कंडक्टर. बाबासाहेबांच्या मागं धम्मात आलेल्या पहिल्या पिढीतलं घर, त्यामुळं घरात देव नाही, उपास नाही, आणि ‘नशीब’ हा शब्द तर अजिबात नाही. चुकून कुणी तो उच्चारला की वडील ताट बाजूला सारायचे. "हाच शब्द चारून चारून आपल्या माणसांना गावाबाहेर बसवलं," असं म्हणायचे. शशिकला, म्हणजे मॅडम, तेरा वर्षांच्या. धाकटा भाऊ मिलिंद तीन वर्षांचा. बाजाराच्या दिवशी त्या त्याला कडेवर घेऊन वडिलांबरोबर निघाल्या होत्या. वाटेत एक भविष्य सांगणारा म्हातारा बसला होता. त्यानं काही न विचारता मिलिंदकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे पोर लोखंडाच्या तोंडात जाणार."

"बाबांनी त्याला हाकलून लावलं," मॅडम म्हणाल्या. "मग रस्ताभर हसत होते. ‘शशे, बघ, पोट भरायला काय काय बोलावं लागतं माणसाला,’ म्हणाले. ते विसरले. मिलिंदला तर कळलंच नव्हतं. ऐकलं फक्त मी."

त्या दिवसापासून त्यांनी भावाला लोखंडापासून लांब ठेवायला सुरुवात केली. विळी उचलून ठेव, सायकल लपवून ठेव, रहाटाकडं जाऊ देऊ नको. मिलिंदला यंत्रांचं भारी वेड. बंद पडलेलं घड्याळ असो की शेजाऱ्यांचा पंप, तो उघडून बसायचा. दहावीनंतर त्याला आयटीआयला फिटर व्हायचं होतं. वडील तेव्हा गेले होते, घरात मॅडमचा शब्द चालायचा, नुकतीच त्यांना नोकरी लागली होती. त्यांनी फॉर्म भरू दिला नाही. कारण सांगितलं नाही. मार खाल्ल्यासारखा तो कोपऱ्यात बसला, आठ दिवस धड जेवला नाही. मग त्यांनी ओळखीनं त्याला क्रांती चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लावून दिलं.

"मी देव मानत नाही," मॅडम म्हणाल्या. "बुद्धवंदना सोडून आयुष्यात हात जोडले नाहीत. भाषणं देते मी अंधश्रद्धेवर. आणि आतून रोज त्या म्हाताऱ्याला घाबरते. हे बाबांना कळलं असतं तर?"

मी म्हणाले, "पण मॅडम, काही झालं तर नाही ना इतक्या वर्षांत?"

"हेच त्या कोळ्याला पण वाटायचं," त्या म्हणाल्या.

मिलिंदला मी दोनदाच भेटले होते. शेचाळीसचा, कानशिलं पिकलेली, बोलणं पिशोरचं तसंच ठेवलेलं. बहिणीला रोज दुपारी एकच्या सुमारास त्याला फोन करायची सवय होती. जेवलास का, कुठं आहेस, एवढंच. तो "व्हय ताई", "नाय ताई" करून फोन ठेवायचा.

झेरॉक्सचं दुकान मालकानं बंद केलं. दोन महिने मिलिंद घरी बसला. मग त्यानं सांगितलं, चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअरला लागलोय, माल मोजायचं काम आहे. मॅडमना बरं वाटलं. पुढं दिवाळीत तो त्यांच्या सिडकोतल्या घरी आला तेव्हा मीही फराळाला होते. त्यानं चहाचा कप उचलला आणि मॅडमचं लक्ष त्याच्या नखांकडं गेलं. नखांत काळं ग्रीस होतं.

"मिलिंद, तू स्टोअरला नाहीस."

"नाय," तो म्हणाला. "प्रेसवर हाय. पत्रा दाबायचं मशीन. कंत्राटी."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. हातातली चिवड्याची बशी कलंडली. "सोड," एवढंच त्या म्हणाल्या. "उद्याच्या उद्या सोड. मी दुसरं बघते तुझ्यासाठी."

"काऊन सोडू?" मिलिंदचा आवाज चढला. "ताई, लई झालं आता. तीस वर्षं झेरॉक्स काढल्या म्या. दुसऱ्याचे कागद. मला सायकल नाय घेऊ दिली, गाडी नाय घेऊ दिली, आयटीआय नाय. तू एवढी शिकलेली, मला एकदा तरी सांग ना काऊन?"

मॅडमनी सांगितलं. भिंतीला टेकून, माझ्यासमोर, चार वाक्यांत सांगितलं. पिशोरचा बाजार, तो म्हातारा, त्याचं बोट.

मला वाटलं तो हसेल, किंवा ओरडेल. त्यानं खाली बसून सांडलेला चिवडा गोळा केला. मग म्हणाला, "एवढ्यासाठी?" आणि चपला घालून निघून गेला.

त्यानंतर मॅडम पार बिथरल्या. तासाला उभ्या राहायच्या आणि मधेच थांबायच्या. दुपारी एकला कुठंही असल्या तरी मोबाईल कानाला लावायच्या. मिलिंद उचलायचा नाही. त्या पुन्हा लावायच्या. मी एकदा म्हणाले, मॅडम, तो कामावर असेल. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर."

मार्चमधली गोष्ट. ऊन तापलं होतं, परीक्षेचे दिवस होते. मॅडम आणि मी एकाच वर्गावर सुपरव्हिजनला होतो. पेपर संपला, उत्तरपत्रिका जमा केल्या, आणि मॅडमचा फोन वाजला. मिलिंदची बायको होती. मॅडमनी फक्त ऐकलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि जमिनीवरच बसल्या. पलीकडून ती रडत सांगत होती, मशीनमध्ये हात गेला, जालना रोडच्या दवाखान्यात नेलंय.

माझ्या स्कूटीवर बसायला त्या एरवी कधी तयार झाल्या नसत्या. त्या दिवशी काही न बोलता मागं बसल्या. जालना रोडवर ट्रक, बस, टँकर, सगळं अंगावर येत होतं. त्यांनी माझ्या कुर्त्याची मूठ इतकी घट्ट आवळली होती की गळ्याला कापड काचत होतं. मीही घाबरले होते. मागून त्या एकच बोलत होत्या, आधी मला कळलंच नाही. "एक वाजून दहा मिनिटं. एक वाजून दहा मिनिटं."

दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी मला मोबाईल उघडून दाखवला. पेपर चालू असतानाच वर्गाच्या दाराबाहेर जाऊन त्यांनी मिलिंदला फोन लावला होता. एक वाजून दहा मिनिटांनी. अपघात किती वाजता झाला ते त्याच्या बायकोनं सांगितलं होतं. एक वाजून दहा मिनिटं.

"माझा फोन वाजला असणार," मॅडम म्हणाल्या. "त्यानं खिशाकडं बघितलं असणार. मीच ढकललं त्याला. मी, मनीषा."

मी म्हणाले, असं काही नसतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं. भर दुपारी, बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत असताना, मी मोबाईलवरची ती वेळ पुन्हा वाचली. त्या कोळ्याची गोष्ट मी पाच वर्षं वर्गात बसून ऐकली होती.

मिलिंद वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पुढचे पंधरा दिवस मॅडमनी मोबाईलला हात लावला नाही. बंद करून कपाटात ठेवला. रोज दवाखान्यात जायच्या, पण खाटेजवळ न जाता दारापाशी स्टुलावर बसायच्या. मिलिंद झोपला असेल तेव्हाच त्याच्याकडं बघायच्या. मी डबा घेऊन गेले होते त्या दिवशी तो जागा होता. हात पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला.

"मॅडम, ताईला इकडं बोलवा," तो मला म्हणाला. "ती येतच नाय जवळ."

मॅडम आल्या. त्याच्याकडं न बघता त्यांनी फोनचं सगळं सांगितलं. शेवटी "मला माफ कर" म्हणाल्या, ते जेमतेम ऐकू आलं.

मिलिंद म्हणाला, "फोन लॉकरला असतो, ताई."

"काय?"

"गेटवर जमा करावा लागतो फोन. आत नेता येत नाय. तुझा फोन वाजला का नाय, मला ठाऊक बी नाय." त्यानं डाव्या हातानं पाण्याची बाटली घ्यायचा प्रयत्न केला, मी पुढं केली. "मशीनला सेन्सर असतं. हात आत असला तर प्रेस खाली येत नाय. ते बंद करून ठेवलं होतं. हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी बी काढलेली. माल लवकर निघावा म्हणून. समद्यांना माहीत होतं. म्या सुपरवायझरला तीनदा म्हणलं, सेन्सर लावा. म्हणला, लावतो. त्यो म्हातारा नाय अन् तुझा फोन बी नाय."

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या पट्टीवर हात ठेवला.

मग मिलिंदनं उशीखालून एक कागद काढला. कंपनीचा माणूस देऊन गेला होता, सही करा म्हणून. मॅडमनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. अपघाताचा अहवाल होता. त्यातलं एक वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं: "काम करताना कामगाराचा उजवा हात प्रेसमध्ये गेला."

त्यांनी ते पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा बदलला. वर्गात एखादं वाक्य हाताला लागलं की व्हायचा तसा.

"मनीषा, या वाक्यात कर्ता कोण आहे?"

मी बघितलं. "हात."

"हात गेला. आपला आपण. पाय फुटले त्याला आणि गेला." त्यांनी कागद उलटून मागंही बघितलं. "ज्यानं जाळी काढली तो कुठं आहे? ज्यानं सेन्सर बंद केला तो? सगळं पान वाचून झालं, तो माणूसच नाही यात." मग हळूच म्हणाल्या, "मिलिंद, यावर सही करू नको."

तक्रार लिहायला त्यांना तीन दिवस लागले. प्रत्येक वाक्याला कर्ता हवा, असा हट्ट. ‘जाळी काढण्यात आली’ असं नाही, ‘जाळी अमक्यानं काढली’ असं. मिलिंद सांगायचा, त्या लिहायच्या. कंपनीकडून दोन माणसं घरी येऊन गेली, गोड बोलून गेली. जाताना एकजण म्हणाला, तुमची नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत मॅडम, कशाला त्रास घेता. त्या रात्रीपासून त्यांनी दाराला दोन कड्या लावायला सुरुवात केली. ताप आला. मला म्हणाल्या, "मी फाडून टाकते तो अर्ज. मला नाही जमणार." सकाळी त्यांनीच फोन करून मला बोलावलं आणि आम्ही जाऊन कामगारांच्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला.

चौकशीचा दिवस जूनमध्ये आला. सरकारी कार्यालयातली लहानशी खोली, वर घरघरणारा पंखा. टेबलामागं चौकशी अधिकारी, एका बाजूला कंपनीचा अधिकारी आणि वकील, दुसऱ्या बाजूला मिलिंद आणि मॅडम. मी मागं भिंतीशी. मॅडमनी पांढरी साडी नेसली होती. बसल्या जागी त्यांचा गुडघा हलत होता, टेबलाला लागून टकटक आवाज येत होता. मिलिंदनं डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

कंपनीचा अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. तो मनापासूनच बोलत असावा. म्हणाला, "आम्हालाही दुःख आहे, साहेब. पण त्याच मशीनवर दहा वर्षं लोक काम करतात, कुणाला काही झालं नाही. शेवटी नशीब असतं एकेकाचं."

मॅडम उभ्या राहिल्या. कुणी त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, हा शब्द कागदावर लिहून घ्या," त्या चौकशी अधिकाऱ्याला म्हणाल्या. "यांनी नशीब म्हटलं. आता यांना विचारा, जाळी कुणी काढली. नशिबानं काढली का? पाना नशिबाच्या हातात होता का? तीस वर्षं मी माझ्या भावाला या शब्दाच्या भीतीनं कोंडून ठेवलं. त्याचं शिक्षण मी बुडवलं, ते माझं पाप आहे, त्याचं उत्तर मी देईन. पण त्याची बोटं मी घेतली नाहीत आणि नशिबानंही घेतली नाहीत. ज्यानं घेतली त्याचं नाव लिहा."

कंपनीच्या अधिकाऱ्यानं वकिलाकडं बघितलं. चौकशी अधिकाऱ्यानं पेन उचललं आणि विचारलं, "त्या शिफ्टला सुपरवायझर कोण होतं?"

नाव लिहिलं गेलं. पुढं महिनाभरात त्या शेडमधल्या सगळ्या प्रेसना सेन्सर बसले आणि मिलिंदला कंपनीला कायम करून घ्यावं लागलं, स्टोअरला. तो तिथं डाव्या हातानं लिहायला शिकला. मला दुसऱ्या जिल्ह्यात कायमची नोकरी लागली आणि मी शहर सोडलं. मॅडमशी फोनवर बोलणं होतं. अजूनही आधी हेल्मेटचंच विचारतात.

पण डोळ्यासमोर येतात त्या चौकशीच्या दिवशीच्या. खोलीतून बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर धपकन बसल्या. पेनाला टोपण लावायला गेल्या, तीनदा चुकलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं. मिलिंद पाणी आणायला गेला होता.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिला तास घेऊन बाहेर आलेल्या नव्या शिक्षिकेसारखं बघितलं.

"मनीषा," त्यांनी विचारलं, "मागं ऐकू येत होतं का गं?"

"येत होतं, मॅडम," मी म्हणाले. "सगळं."